चिठ्ठी एकाची, माल दुसऱ्याचा

रावेर-यावल पट्ट्यात कुठल्याही केळी बागायतदाराला विचारा, कोणतं वाण लावलंय? उत्तर ठरलेलं: 'जी नाइन'. रोपवाटिकेच्या पाटीवर, बिलावर, खताच्या पत्रकावर सगळीकडे 'जी-९'. मग जी-८ कुठे गेलं? ते कधी नव्हतंच. वाणाचं मूळ नाव फ्रेंच आहे, 'ग्रांद नेन'. ग्रांद म्हणजे मोठी, नेन म्हणजे बुटकी. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'नेन' आपल्याकडे 'नाइन' असं वाचलं गेलं, 'ग्रांद'चा 'जी' झाला, आणि 'मोठी बुटकी'ला नंबराची चिठ्ठी चिकटली. नाव विचित्र वाटलं तरी वर्णन चोख आहे. कॅव्हेंडिश कुळातली अगदी ठेंगणी जात म्हणजे आपली जुनी बसराई. तिच्यापेक्षा ही उंच, पण याच कुळातल्या खऱ्या उंच जातींपेक्षा बुटकी.

कॅव्हेंडिश हे आडनाव आहे, इंग्लंडमधल्या डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकचं. १८३०च्या दशकात त्याच्या काचघरात, थंडीवाऱ्यापासून जपून, मॉरिशसहून आलेली केळी वाढवली गेली. जोसेफ पॅक्स्टन हा त्याचा माळी. मालकाचं नाव त्याने केळीला दिलं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा 'आपलं देशी वाण' म्हणून पुष्कळ कौतुक झालं. मानांकन मिळालंय ते इथली माती, हवा आणि बागायतीची रीत यांना. वाणाचं रक्त परदेशीच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

केळं 'बेरी' असतं आणि स्ट्रॉबेरी 'बेरी' नसते, हे आता शाळकरी पोरंही सांगतात, म्हणून ते सोडतो. त्याहून कामाची गोष्ट अशी की केळीला आपण जे खोड म्हणतो ते खोडच नाही. एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या आवरणांची ती गुंडाळी आहे, आणि खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. मे-जूनच्या वादळात बाग आडवी का होते, ते यातून कळतं. आत लाकूड नाही, सगळं पाणी आणि धागे, वर २०-२५ किलोचा घड. म्हणून बागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवत दाट लावतात. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ झाडं बसतात. कडेची ओळ वाऱ्याने गेली की मागच्या ओळी उघड्या पडतात, म्हणून वाराअडणीत कंजुषी परवडत नाही.

थंडीचं गणित वेगळं. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते आणि निसवणारा, म्हणजे बाहेर पडू पाहणारा, घड खोडातच अडकतो. अशा रात्री बागेला पाणी देतात आणि कडेने ओलसर पालापाचोळा पेटवून धूर करतात. पाण्याने जमिनीची ऊब टिकते, धुराच्या थराने ती उडून जायला वेळ लागतो. पालापाचोळा वाळलेला असला तर नुसता जाळ होतो, धूर होत नाही, आणि रात्र वाया जाते.

घरी आणलेल्या केळ्याचंही असंच. तेरा अंशांच्या खाली सालीतल्या पेशींना इजा होते, म्हणून फ्रिजमधलं केळं काळं पडतं. आत गर बरा असतो, साल मात्र गेलेली. उलट बाजू खान्देशी उन्हाळ्यात दिसते. चोवीस-पंचवीस अंशांच्या वर केळं पिकलं तर ते मऊ आणि गोड होतं, पण सालीतलं हरितद्रव्य पुरतं जात नाही. हिरवट केळं हातात घेऊन लोक 'कच्चं दिलं' म्हणून भांडतात, आणि आत ते पिकून तयार असतं. पिवळाधमक रंग हवा असेल तर पिकवणगृहात सोळा-अठरा अंश तापमान, नव्वदच्या वर आर्द्रता आणि साधारण शंभर पीपीएम इथिलीन हा फळं पिकवणारा वायू असं चोवीस तास ठेवावं लागतं. मग दारं उघडून हवा खेळवायची, कारण केळ्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचला की पिकणं मंदावतं. कार्बाइडने रंग येतो, पण गर कच्चाच राहतो. शिवाय त्याने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे.

ही बाग इथेच का जमली? महाराष्ट्र म्हणजे काळा पाषाण, विहीर खणली की वीस हातांवर खडक, असं आपण भूगोलात शिकतो. तापीकाठी ते लागू पडत नाही. सातपुडा आणि सातमाळा-अजिंठा यांच्यामध्ये जमीन खचून झालेल्या खोलगट पट्ट्यात नदीने गाळ भरत आणला, आणि कित्येक ठिकाणी तो शंभर मीटरांहून खोल आहे. मुळांना माती मिळते आणि पाणी साचून राहत नाही. बोअरवाल्यांना मात्र याचा जाच. खडकात वरचे काही फूट केसिंग टाकलं की भागतं. इथे माती-वाळूच्या थरांतून खोलवर केसिंग न्यावं लागतं, आणि जिथे पाणी आहे नेमक्या त्या थरापाशी जाळीचा पाइप बसवावा लागतो. जाळी थर चुकली तर बोअर कोरडी लागते. जाळीची भोकं वाळूपेक्षा मोठी असली तर पंप वाळू ओढतो आणि महिन्यात इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, झिजतो.

तापीबद्दलही एक चुकीची चिठ्ठी फिरत असते: 'भारतात पश्चिमेकडे वाहणाऱ्या दोनच नद्या, नर्मदा आणि तापी.' मही, साबरमती आणि लुणी काय पूर्वेला जातात? आणि कोकणातली वाशिष्ठी? खरं वाक्य असं हवं की अशा खचदरीतून पश्चिमेला जाणाऱ्या मोठ्या नद्या या दोन. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते. मुलताई म्हणजे 'मूलतापी', नावातच पत्ता आहे. ७२४ किलोमीटर चालून ती सुरतेपाशी समुद्राला मिळते.

पूर्णा म्हटलं की 'कोणती?' हे विचारून घ्यावं. मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला मिळते ती एक. मराठवाड्यातून जाऊन गोदावरीला मिळते ती दुसरी. डांगातून नवसारीकडे जाते ती तिसरी. तिघींचं पाणी एकमेकींना कधी भेटत नाही. गिरणा धरणावर जळगाव जिल्ह्यातल्या पिकांचा जीव टांगलेला, पण धरण आहे नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात.

आता पक्ष्याकडे येतो, कारण चुकीच्या चिठ्ठीचा सगळ्यात मोठा घोटाळा त्याच्या पायाला बांधलेला होता. अगदी शब्दशः.

वन पिंगळा. आपल्या गावातल्या वडा-चिंचेवर बसणाऱ्या पिंगळ्याचा रानातला भाऊ. ह्यूम या पक्षीशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने दिसलाच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे सातच नमुने होते. त्यातले काही जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या शहादा-तळोदा भागात गोळा केलेले. यांत एकच नमुना विसाव्या शतकातला. त्याच्या पायाला चिठ्ठी: मांडवी, गुजरात, १९१४. गोळा करणारे रिचर्ड माइनर्ट्झहागेन, मोठे नाव असलेले ब्रिटिश कर्नल. साहजिकच शोधणाऱ्यांनी मांडवीच्या बाजूचं रान धुंडाळलं. हाती काही लागलं नाही.

मग पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी नमुनाच तपासायला घेतला. पक्षी भरताना प्रत्येकाचा हात वेगळा असतो: कापूस किती आणि कसा कोंबला, शिवण कुठून घातली, पंखांची हाडं कशी ठेवली. क्ष-किरणांत दिसलं की पक्षी एकदा उसवून पुन्हा भरलाय, आणि खालची पहिली घडण डेव्हिडसनच्या हातची आहे. म्हणजे कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातला खान्देशचा पक्षी उचलला, नव्याने भरला आणि स्वतःच्या नावाची, खोट्या गावाची, खोट्या सालाची चिठ्ठी लावली. असे चोरीचे नमुने त्यांच्या संग्रहात आणखी पुष्कळ निघाले.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर नकाशावर उरल्या त्या जुन्या नमुन्यांच्या जागा, आणि त्यांत शहादा-तळोदा होतं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट तिथे आले. २५ नोव्हेंबर १९९७ला सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पावरा-भिल्ल वस्त्यांच्या शेजारचं ते रान. तिथल्या माणसांना 'हा पक्षी नामशेष झालाय' हे कुणी कळवलंच नव्हतं.

तोरणमाळ-यावल बाजूला जाणाऱ्यांनी दोघांतला फरक ध्यानात ठेवावा, कारण साधा पिंगळा पाहून 'वन पिंगळा दिसला' असं सांगणारे खूप. डोकं पाहायचं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके गच्च असतात, वन पिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, करडं-तपकिरी. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरंशुभ्र, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, शेपटीवर रुंद पट्टे. डोक्याला तो साध्यापेक्षा थोराड दिसतो. वेळ सकाळची, कारण हा दिवसा वावरतो आणि थंडीत उघड्या शेंड्यावर ऊन खात बसतो. अस्वस्थ झाला की शेपटी बाजूला झटकतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. हिवाळ्यात त्याचा विणीचा काळ सुरू होतो. आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून तो ढोलीतलं घरटं सोडून उगाच भांडायला येतो. (पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगत दारी येणारा पिंगळा जोशी वेगळा. त्याला पिंगळ्याची भाषा कळते अशी समजूत, म्हणून ते नाव.)

भाषेतली चिठ्ठी मात्र अजून तशीच लागलेली आहे. 'बहिणाबाई चौधरी, अहिराणीतल्या कवयित्री' हे वाक्य भाषणांत, निबंधांत, फॉरवर्डमध्ये सर्रास सापडतं. बहिणाबाई आसोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, म्हणजे जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली. अहिराणी धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव आणि पुढे नाशिकच्या बागलाण-मालेगावपर्यंत. बाहेरच्या कानाला दोन्ही एकच वाटतात, आणि त्याचं कारण उघड आहे. दोन्हींत 'ळ'चा 'य' होतो, डोळाचं डोया, काळाचं काया. दोन्हींत 'ला'च्या जागी 'ले' येतं, माले, तुले. या दोन खुणांवरून निवाडा केला की फसगत ठरलेली.

खरी परीक्षा क्रियापदावर. 'तुन्हं नाव काय शे?' यातलं 'शे' आलं की अहिराणी. 'काय करी ऱ्हायना?' यातलं 'ऱ्हायना' आलं की अहिराणी. आला म्हणायला 'उना', आली म्हणायला 'उनी'. मुलगा आंडोर, मुलगी आंडेर, सगळं म्हणजे बठ्ठं. बहिणाबाईंच्या ओळींत 'शे' शोधून पाहा. सापडत नाही.

अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर चहाच्या टपरीवर तास जातो. ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात, १९०७ साली निघालेल्या खंडात, खान्देशीला मराठीत न घालता भिल्ली भाषांसोबत ठेवलंय. जनगणनाही 'खान्देशी' वेगळी मोजते आणि तिच्यातला मोठा वाटा अहिराणीचा. २०११ मध्ये खान्देशी बोलणारे भरले सुमारे १८ लाख ६० हजार. तुळूचा आकडा त्याच वर्षी १८ लाख ४६ हजार, म्हणजे खान्देशी थोडी पुढेच. तुळूचं नाव देशभर माहीत, आपलं नाही. २००१ मध्ये खान्देशीचा आकडा २० लाख ७५ हजार होता. दहा वर्षांत दोन लाख माणसं मुकी झाली नाहीत. प्रगणक दारात आला की घरात दिवसभर 'शे-ऱ्हायना' करणारा माणूस 'मातृभाषा मराठी' असं सांगून मोकळा होतो. पुढच्या वेळी 'अहिराणी' लिहून घ्यायला सांगा आणि कागदावर ते लिहिलंय का, तेही बघा.

प्रदेशाच्या नावाचीही तीच गत. खान्देश कान्हदेशावरून, की यादवांच्या सेऊणदेशावरून, की इथे राज्य केलेल्या फारुकी राजांना मिळालेल्या 'खान' किताबावरून, यावर तिन्ही पक्ष ठाम आहेत. मला तिसरं पटतं, पण भांडणार नाही. नक्की आहे ते हे की मध्ये एकदा हे नाव बदललं होतं. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, फारुकी घराणं संपलं, सुभा धाकटा शहजादा दानियालकडे दिला आणि नाव ठेवलं 'दानदेश'. एक अक्षर बदलून अख्खा सुभा पोराच्या नावावर! कागदोपत्री ते थोडा काळ चाललं, जिभेवर बसलं नाही. असीरगडाच्या विजयाची एक सोन्याची मोहोर आहे, तिच्यावर शिकारी पक्षी कोरलाय. मोगल नाण्यावर जिवंत प्राण्याचं चित्र ही दुर्मीळ गोष्ट.

फारुकींची राजधानी आधी तापीकाठचं थाळनेर, मग बुऱ्हाणपूर. ते आज मध्य प्रदेशात असल्याने आपल्या खान्देशच्या नकाशातून गळून गेलंय. तिथल्या जामा मशिदीत अरबी लेखाजवळ संस्कृत शिलालेख आहे. सुरुवात 'श्रीसृष्टिकर्त्रे नमः', पुढे फारुकींची वंशावळ, आणि मितीला विक्रम संवत १६४६, शके १५११. मशिदीत, सुलतानाच्या हुकमाने, पंचांगासकट. मुमताजमहल इथेच १६३१ मध्ये वारली आणि ताजमहालाआधी काही महिने तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत तिचं दफन होतं.

याच्या उलट चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. तो संस्कृतात सुरू होतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला निकुंभ राजांनी दान दिलं, असा मजकूर. शके ११२८. स्तुती सगळी संस्कृतात, पण कोणत्या मालावर किती कर मठाला द्यायचा हा हिशोब आला की लेख मराठीत उतरतो. बाजारात माल विकणाऱ्याला ते कळायला हवं होतं. हा चांगदेव आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचा योगी चांगदेव एकच, असं सांगणारेही भेटतात. दोघे वेगळे.

शेवटी वांगं, कारण भरीत न काढता खान्देशवर लिहिलं तर कुणी माफ करणार नाही. 'ब्रिंजल' हा शब्द इंग्रजांचा म्हणून आपण वापरतो. इंग्लंडात मात्र तो चालत नाही, तिकडे ऑबर्जीन म्हणतात. संस्कृत वातिंगण फारसीत बादिंगान झालं, अरबीत अल-बादिंजान, तिथून पोर्तुगीज बेरिंजेला, आणि पोर्तुगिजांच्या गलबतातून परत आपल्याकडे ब्रिंजल. ऑबर्जीन हे त्याच अरबी शब्दाचं फ्रान्सच्या वाटेने गेलेलं पोर.

जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं. बामणोद भागाचं वांगं फिकट हिरवं, मोठं, गराला भरपूर, बियांना कमी. बाजारात हातात घेऊन आकाराच्या मानाने हलकं लागतंय का बघा. जड वांग्यात बिया धरलेल्या असतात आणि भरीत कडवट होतं. भाजण्याआधी तेलाचा हात फिरवून सुरीने दोन-तीन टोचे द्या, नाहीतर आतल्या वाफेने ते फुटतं. भाजायला कपाशीच्या वाळलेल्या काड्या. त्यांचा जाळ भडक आणि थोडा वेळ, त्यामुळे साल पुरती करपते आणि धुराचा वास गरात उतरतो. गॅसच्या बारीक आचेवर साल करपायच्या आत गर शिजून पाणी सोडतो, म्हणून ते भरीत पातळ होतं. साल काढून गर भाजलेल्या हिरव्या मिरच्या-लसणासोबत लाकडी बडगीत ठेचायचा. मिक्सर नको, तो बिया फोडतो आणि कडवटपणा बाहेर येतो. फोडणीत शेंगदाणे आणि कांद्याची पात, पात शेवटी. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेलं पीठ. उडीद जास्त झाला तर पीठ चिकट होऊन भाकरी थापताना हाताला ओढते, तेव्हा चार वाट्या ज्वारीला एक वाटी पुरे.